नाताळची दगदग आणि नाताळचा अर्थ : कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांनी डिसेंबर कसा काढायचा

डिसेंबर लागला की आपल्या घरांत काय सुरू होतं ते वेगळं सांगायला नको. भिंतींना रंग काढायचा, पडदे धुवायचे, पोरांना घेऊन राजारामपुरीत कपडे बघायचे, लक्ष्मीपुरीतनं रवा-मैदा-खोबरं-वेलदोडे आणायचे, त्यातच शाळेचं गॅदरिंग, चर्चमध्ये संडे स्कूलच्या नाटकाची प्रॅक्टिस, महिला मंडळाचा कार्यक्रम, कॅरलवाले आपल्या गल्लीत कधी येणार याची चौकशी, पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे, आणि एमआयडीसीत कामाला असलेल्या माणसाला सुट्टी किती तर २५ तारखेची एक. मग होतं काय, की जी बाई महिनाभर राबलीय तीच २५ ला सकाळी उपासनेला उशिरा येते नाहीतर बाकावर बसल्या जागी डुलक्या घेते. समोर पाळकसाहेब गव्हाणीतल्या बाळाबद्दल बोलत असतात आणि तिच्या डोक्यात मटणाला फोडणी कोण देतंय हे चाललेलं असतं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण तो निरोप जितका पाळकांसाठी आहे तितकाच तिच्यासाठी आहे, आणि वर्षातनं एकदाच तो असा गाऊन-वाजवून सांगितला जातो.

मी संडे स्कूल शिकवते, त्यामुळं डिसेंबरमध्ये बऱ्याच घरांत येणं-जाणं असतं. त्यातनं जे जमतं आणि जे टिकतं ते इथं लिहितेय. सगळं एकाच वर्षी करायला जाऊ नका, नाहीतर यादीत अजून एक काम वाढायचं.

आधी गोष्ट वाचा

हे पहिलं काम, आणि बाकी काही नाही जमलं तरी हे करा. एखाद्या रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा, मोबाईल कपाटावर ठेवा आणि लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, १ ते २० वचनं, घरातल्या कुणीतरी मोठ्यानं वाचा. फार तर पाच मिनिटं लागतात. आपल्याला वाटतं पाठ आहे की, पण लहानपणापासून नाटकात बघितलेलं पाठ असतं आणि लिहिलेलं तसंच राहून जातं.

बघा काय लिहिलंय. कैसर औगुस्तानं हुकूम काढला, नावनोंदणी करायची म्हणून. योसेफ नासरेथहून बेथलेहेमला निघाला. रस्त्यानं सव्वाशे-दीडशे किलोमीटर अंतर आहे हे, म्हणजे आपल्या कोल्हापूरहून साताऱ्यापर्यंत किंवा थोडं पुढंच, आणि बरोबर दिवस भरत आलेली बाई. बाळंतपणाची तयारी म्हणजे काय असते ते आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहिताय, जुन्या लुगड्याची दुपटी शिवून ठेवायची, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, पहिलं बाळंतपण म्हंटल्यावर माहेर. मरियेच्या वाट्याला यातलं काय आलं? तिची आई तिथं होती असं कुठंही लिहिलेलं नाही. उतारशाळेत जागा नव्हती. बाळाला बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं, एवढंच लूक सांगतो, एका वचनात.

म्हणजे देव जगात आला तो कशाचीही तयारी झालेली नसताना आला. घर नाही, सामान नाही, माणसं नाहीत, सरकारी कागदाच्या मागं धावण्यात सगळं विस्कटलेलं, आणि त्या विस्कटलेल्या दिवशीच आला. माझ्यासाठी नाताळचा अर्थ इथं आहे. आपण तयारी पूर्ण केली की तो येणार असं नाहीच मुळी, तो आलाय, आधीच आलाय, आणि आपली तयारी ही त्या आनंदानं केलेली गोष्ट असली पाहिजे. ज्या घरात डिसेंबरभर चिडचिड असते तिथं मला वाटतं हीच गोष्ट उलटी झालेली असते, करंज्या फसल्या म्हणजे जणू नाताळच फसला.

आणि १९ वं वचन वाचताना जरा थांबा. मेंढपाळ येऊन गेले, ऐकणारे सगळे थक्क झाले, आणि मरियेनं काय केलं, तर या सगळ्या गोष्टी मनात ठेवून ती त्यांचा विचार करत राहिली. ओली बाळंतीण, परक्या गावात, रात्री-बेरात्री अनोळखी माणसं येऊन गेलेली, तरी तिला विचार करायला मनात जागा होती. आपल्याला डिसेंबरमध्ये एवढीच जागा ठेवायचीय.

यादी घ्या आणि तिच्यावर काट मारा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना बसवा, पोरांना पण, आणि नाताळची म्हणून जेवढी कामं आहेत ती एका कागदावर लिहून काढा. सगळी, बल्ब लावण्यापासनं ते मामाकडं फराळ पोचवण्यापर्यंत. मग प्रत्येक कामापुढं विचारा, हे कुणासाठी? काही प्रभूसाठी आहेत, काही घरच्या माणसांसाठी, आणि काही निव्वळ लोक काय म्हणतील म्हणून. तिसऱ्या प्रकारावर तिथल्या तिथं काट मारायची. दरवर्षी रंग काढायची गरज नसते. सोफ्याचे कव्हर मागच्या वर्षीचेच चालतात. आठ प्रकारचा फराळ कुणी मागितलेला नसतो, चार पदार्थ झाले तरी ताट भरलेलं दिसतं.

उरलेल्या कामांपुढं नावं लिहा. इथं घरातल्या पुरुषांची आणि पोरांची नावं आली पाहिजेत, "मदत" म्हणून नको, त्यांचं काम म्हणून. केर-जळमटं, बाजार, पोरांची अंघोळ-कपडे, २५ च्या दुपारची भांडी. एकाच नावापुढं सगळं येत असेल तर यादी परत करायची.

पैशाचं मी स्पष्ट सांगते, कारण आपल्यात यावर कुणी उघड बोलत नाही. नाताळसाठी कर्ज काढू नका. बचत गटातनं उचल, फायनान्सवर मोबाईल, सोनं गहाण ठेवून सगळ्यांना कपडे, आणि मग जूनपर्यंत हप्ते, हे बऱ्याच घरांत चालतं आणि जानेवारीत नवरा-बायकोची भांडणं त्याच्यावरनंच होतात. लूकच्या त्याच दुसऱ्या अध्यायात पुढं वाचा, बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेलं तेव्हा आईबापांनी काय अर्पण केलं, होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं. नियमशास्त्रात, लेवीयच्या १२ व्या अध्यायात, कोकरू सांगितलंय, आणि ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी ही पाखरांची सवलत आहे. म्हणजे योसेफ-मरियेनं गरिबांचं अर्पण दिलं, देवाच्या मंदिरात, सगळ्यांसमोर, आणि तिथं आलेल्या शिमोन नावाच्या भक्तिमान माणसानं ते बाळ हातात घेऊन देवाचा धन्यवाद केला. पोरांना ही गोष्ट सांगा आणि मग सांगा की यंदा एकच ड्रेस. पोरं समजूतदार असतात, त्यांना खरं सांगितलं तर.

चार रविवार

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाल. काही मंडळ्यांत हा नेमानं पाळतात, काहींत फारसा बोलला जात नाही, पण घरी करायला कुणाची परवानगी लागत नाही. चार मेणबत्त्या आणा, एका स्टीलच्या ताटात वाळू किंवा तांदूळ घालून उभ्या करा, पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं. ही पद्धत जर्मनीतल्या हॅम्बुर्गची, १८३९ मध्ये योहान विखर्न नावाच्या पाळकानं गरीब पोरांसाठी घर चालवलं होतं, ती पोरं सारखी विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून त्यानं लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्या छोट्या आणि रविवारच्या मोठ्या, म्हणजे पोरांना स्वतःच मोजता येईल. मला हे आवडतं कारण यात वाट बघणं हेच काम आहे.

वाचायला हे घ्या : पहिल्या रविवारी यशयाचा नववा अध्याय, अंधारात चालणाऱ्या लोकांना प्रकाश दिसला तो. दुसऱ्या रविवारी मीखाचा पाचवा, बेथलेहेमसारख्या लहान गावाबद्दलचा. तिसऱ्याला लूक पहिला अध्याय, मरिया आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडं जाते तो भाग आणि तिचं गीत. ते गीत पोरींकडनं वाचून घ्या. देवानं भुकेल्यांना चांगल्या गोष्टींनी तृप्त केलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातानं लावून दिलं, असं गाणारी ती खेडेगावातली मुलगी आहे.

चौथा रविवार योसेफाचा, मत्तय पहिला अध्याय, १८ पासनं शेवटपर्यंत, आणि हा घरातल्या बाप माणसानं वाचावा. योसेफाच्या तोंडचा एक शब्दही चारही शुभवर्तमानांत नाही. त्याला टेन्शन कमी होतं का? लग्न ठरलेली बायको गरोदर, गाव बोलणार, आणि त्यानं ठरवलं होतं की तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडून द्यायचं. स्वप्नात देवदूतानं सांगितलं, तो उठला, आणि सांगितलं तसं केलं. आपल्याकडं डिसेंबरमध्ये बरेच पुरुष पैशाच्या काळजीनं गप्प होतात आणि ती गप्प बसलेली काळजी मग पोरांवर ओरडण्यातनं बाहेर पडते, नाहीतर बाटलीतनं. त्यांना या रविवारी विचारा, काय काळजी आहे. घरात, मेणबत्ती चालू असताना. उत्तर नाही दिलं तरी चालेल, विचारा.

फराळ, बेकरी आणि २४ ची संध्याकाळ

फराळ बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, करंजी-चकलीच्या वासाशिवाय आपला नाताळ कसला. पण एकटीनं करू नका. तीन-चार घरच्या बायकांनी एकत्र येऊन एका दिवशी एका घरी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी असं बसायचं. एकीनं पीठ मळायचं, दोघींनी पाऱ्या लाटायच्या, सारण भरायचं काम आजीकडं द्यायचं कारण तिच्या हाताचा अंदाज बरोबर असतो, आणि कातणानं कडा कापायला पोरं टपलेलीच असतात. कडा नीट दाबल्या नाहीत तर सारण तेलात सुटतं आणि पूर्ण घाणा काळा पडतो, तेवढं पोरांना एकदा करून दाखवा. तळणीला एकच जण बसवू नका, अर्ध्या तासानं माणूस बदला. हात चालू असताना गाणी म्हणा, नाताळच्या गीतांची चाल नव्या पोरींना अशीच येते, पुस्तक बघून येत नाही.

केक आणि नानकटाई बेकरीत भाजून आणणार असाल तर २२-२३ ला जाऊ नका, तेव्हा गल्लीपर्यंत रांग असते, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, कुणाचा ट्रे कुणाला गेला याचा घोळ. त्याच्या आदल्या आठवड्यात दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा, भट्टी निवांत असते, आणि नानकटाई हवाबंद डब्यात आरामात टिकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २४ तारखेला संध्याकाळी सहाला गॅस बंद. रात्रीला साधी खिचडी किंवा मसालेभात दुपारीच करून ठेवा. घरातल्या बाईनं अंघोळ करून, साडी नेसून, उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी बाकावर बसायचं, ही घरातल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल असो नाहीतर तुमच्या भागातलं छोटं चर्च असो, त्या रात्री गर्दी होते, म्हाताऱ्या माणसांना आत जागा मिळायला हवी असेल तर लवकरच निघावं लागतं.

२५ चं मटण सकाळी आणायला गेला की उपासना चुकलीच म्हणून समजा. २४ ला संध्याकाळी आणून आलं-लसूण-हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवा, तांबड्याचं वाटण पण आदल्या दिवशीच करा, पांढऱ्यासाठी नारळ खवून ठेवा. आणि मटण करणं ही आपल्या कोल्हापुरात पुरुषांच्या हातची पण गोष्ट आहे, जत्रेला-पार्टीला रस्सा करणारे हात नाताळच्या दुपारी कुठं जातात? चर्चमधनं आल्यावर रस्सा त्यांनीच करायचा असा घरात नियम करून टाका.

मार्था आणि मरिया या दोघी बहिणींची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आहे, ती बायकांना नेहमी रागवायला वापरतात, की बघा मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था कशी कामात गुंतली. मला ते पटत नाही. प्रभूनं तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. त्यानं तिची काळजी बघितली, तिची दगदग बघितली आणि दोनदा नाव घेऊन हाक मारली, मार्था, मार्था. दोनदा हाक कुणाला मारतो आपण, ज्याच्यावर जीव आहे त्याला. आणि मार्थाला बसायला मिळावं असं ज्यांना वाटतं त्यांनी भाजी चिरायला घ्यावी.

ज्या घरात यंदा कुणी गेलंय

आपल्याकडं वर्षात घरात मयत झालं असेल तर नाताळ करत नाहीत. चांदणी लावत नाहीत, फराळ नाही, नवे कपडे नाहीत, आणि लोकही जायला बिचकतात, जाऊन बोलायचं काय म्हणून. त्यामुळं होतं असं की ज्या घराला नाताळचा निरोप सगळ्यात जास्त पाहिजे तेच घर त्या दिवशी बंद असतं.

दुःख आहे तर ते असू द्या, जबरदस्तीनं हसायला कुणी सांगत नाही. पण नाताळच्या गोष्टीत रडणं आहे हे विसरू नका, मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजानं बेथलेहेमची पोरं मारली आणि तिथं पोरांसाठी रडणाऱ्या राहेलीच्या आकांताचं वचन आलंय, तिचं सांत्वन होईना असं. शुभवर्तमान लिहिणाऱ्यानं ते गाळलं नाही. म्हणून अशा घरांना मी सांगते, चांदणी लावा. एकच लावा, साधी, कागदाची, पण लावा. गेलेल्या माणसाला आवडायचं ते गीत म्हणा, मध्येच आवाज बसला तर बसू दे, दुसरं कुणीतरी ओढून नेतं. त्याच्या नावानं काहीतरी द्या, एखाद्या पोराची फी, एखादं ब्लँकेट.

आणि जे भेटायला जातात त्यांनी फराळाच्या डब्याबरोबर तोंडात ठरावीक वाक्यं घेऊन जाऊ नयेत. "देवाची इच्छा" हे त्या दिवशी नका म्हणू. गेलेल्याचं नाव घ्या, एखादी आठवण सांगा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचे मिस्टर गेले त्या वर्षी सगळे येऊन देवाबद्दल बोलून गेले, आणि एक शेजारीण येऊन एवढंच म्हणाली, "काका दरवर्षी माझ्याकडनं चकली मागून न्यायचे, यंदा पण आणलीय." काकू त्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडल्या आणि मग जेवल्या.

भाऊबंदकी

दोन भाऊ बोलत नाहीत, वाटणीवरनं किंवा आईच्या औषधपाण्यावरनं, आणि दोघंही २५ ला एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतात. असं प्रत्येक मंडळीत आहे. प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय, वेदीपाशी दान आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे मत्तय ५, वचन २३-२४.

करायचं कसं, तर लहान करा. नाताळच्या आधी आठ-दहा दिवस, सकाळच्या वेळी, फोन करा. मेसेज नको, मेसेजचा अर्थ ज्याला जसा लावायचा तसा तो लावतो. फोनवर एवढंच : "दादा, मी बोलतोय. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला या, वहिनी-पोरांना घेऊन." तो काही जुनं काढेल, तेव्हा "हो, ते बोलूया नंतर, पण जेवायला या" एवढंच. प्लॉट, सही, सातबारा, यातला एकही शब्द त्या दिवशी आणि त्या जेवणात नाही. आले तर उत्तम. नाही आले तर एक डबा पोरांच्या हातानं पाठवा आणि पुढच्या वर्षी परत फोन करा. समेट एका जेवणात होत नाही पण एका जेवणाशिवाय सुरूही होत नाही.

जिथं मारहाण आहे, फसवणूक चालू आहे, तिथं मात्र बाईनं किंवा पोरांनी नाताळ आहे म्हणून परत त्या दारात जायलाच पाहिजे असं नाही. क्षमा मनात करता येते आणि अंतरही ठेवता येतं. पाळकांशी, घरातल्या मोठ्या माणसाशी बोला.

कॅरल कुठं न्यायची

तरुण संघाची पोरं डिसेंबरात रात्र-रात्र गिटार-ढोलकी घेऊन फिरतात, मला त्यांचं लय कौतुक वाटतं. फक्त यादी उलटी करा. ज्या घरी भरपूर खायला मिळतं ती घरं शेवटी ठेवा. सुरुवात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसापासनं, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटपासनं, यांच्याकडं साडेसात-आठला जा, अकराला गेलात तर ती माणसं झोपेतनं उठून बसतात आणि रात्रभर मग झोप नाही. दोन गाणी, एक लहान प्रार्थना, आणि पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसणं. त्यांना जुन्या नाताळबद्दल विचारा. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले ते १८५२ मध्ये, म्हणजे इथल्या काही घरांत विश्वासाच्या कितीतरी पिढ्या झाल्यात, आणि पणजीचा नाताळ कसा होता हे सांगू शकणारी माणसं आता थोडीच राहिलीत. कंदिलाच्या उजेडात चालत उपासनेला जायच्या गोष्टी सांगतात ती. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

अजून एक जागा. नाताळच्या वेळी आपल्या जिल्ह्यात ऊसाचा हंगाम भरात असतो, बीडकडनं आणि कुठनं कुठनं ऊसतोड मजूर आलेले असतात, कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या असतात, बैल बांधलेले, बाहेर तीन दगडांची चूल. त्यात दिवस भरलेल्या बायका असतात, थंडीत उघड्यावर तान्ही पोरं असतात. धनगर पण याच दिवसांत रानात बकरी बसवून रात्रभर राखत असतात. बेथलेहेमची रात्र बघायला आपल्याला थर्माकोलचा देखावा करायची गरज नाही, शिरोळ-हातकणंगले-कागलच्या रस्त्यानं संध्याकाळी गेलं तरी दिसते.

तिथं जायचं तर नीट जा. आधी एकानं दिवसा जाऊन मुकादमाशी आणि बायकांशी बोलायचं, काय पाहिजे ते विचारायचं. बहुतेक वेळा ब्लँकेट, तान्ह्याला स्वेटर-टोपी, पोरांची खोकल्या-तापाची तपासणी होईल असा ओळखीचा डॉक्टर, असं काहीतरी सांगतात. कपडे धुतलेले, बटणं लावलेले न्या. ती माणसं पहाटे फडात जातात, त्यामुळं जायचं ते सातच्या आत संपवून निघायचं. फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला टाकायचं नाही. कुणी विचारलं का आलात, तर सांगा आमचा सण आहे, आणि आमचा देव अशाच जागी जन्मला म्हणून आलो. यापेक्षा जास्त बोलू नका, त्यांचं ऐका.

शेजारी विचारतात तेव्हा

दिवाळीत शेजारच्यांची ताटं येतात, ईदला शीरखुर्मा येतो, नाताळला आपली ताटं जातात, ही कोल्हापूरची जुनी रीत आहे आणि ती चुकवू नका, थोडं-थोडं का होईना पाठवा. मग कुणीतरी विचारतंच, तुमच्यात या दिवशी नक्की काय असतं? तेव्हा लाजू नका आणि प्रवचनही देऊ नका. साधं सांगा : आम्ही मानतो की देव माणसाच्या जवळ यायला स्वतः माणूस झाला, लहान बाळ होऊन, गरिबाच्या घरी, म्हणून आम्ही आनंद करतो. एवढं पुरतं. २५ तारीखच का विचारलं तर सांगा की बायबलमध्ये तारीख दिलेली नाही, रोममध्ये चौथ्या शतकात २५ डिसेंबर पाळायला लागल्याची नोंद आहे, आणि आर्मेनियन चर्च तर ६ जानेवारीला करतं. सांताक्लॉजबद्दल पोरं विचारतात, त्यांना संत निकोलसबद्दल सांगा, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला बिशप, गरिबांना मदत करणारा म्हणून त्याचं नाव राहिलं. पण त्याला गव्हाणीच्या पुढं उभा करू नका.

२५ नंतर

सगळं २५ लाच झालं पाहिजे हा हट्ट सोडला की निम्मी दगदग कमी होते. नाताळचा काळ जुन्या रीतीनं बारा दिवसांचा, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. तेव्हा पाहुण्यांकडं जाणं, मित्रांना जेवायला बोलावणं, मिरज-सांगलीची चक्कर, हे सगळं २६ पासनं पुढं वाटून टाका. २५ ला उपासना, घरचं जेवण आणि दुपारची झोप, बास. ३१ च्या रात्री वर्षअखेरची उपासना असतेच, तिला ताजंतवानं जाता येतं. ६ तारखेला चांदणी काढायच्या आधी मत्तयाचा दुसरा अध्याय वाचा, मागी लोकांचा, म्हणजे पूर्वेकडनं बाळाला बघायला आलेल्या ज्ञानी माणसांचा. ते किती जण होते हे तिथं लिहिलेलं नाही, आणि ते घरात आले असं लिहिलंय, हे पोरांना शोधायला लावा, त्यांना मजा येते.

आणि आपल्यात नर्सिंग करणाऱ्या मुली-बायका किती आहेत बघा, मिरजेत, इथं सीपीआर या सरकारी दवाखान्यात, खाजगी दवाखान्यांत. २४ ची नाईट आणि २५ ची मॉर्निंग कुणाच्या तरी वाट्याला येतेच, तसंच पोलिसात, एसटीत, फॅक्टरीत. त्यांचा नाताळ चुकला असं म्हणून सोडून देऊ नका. त्यांची सुट्टी २७ ला असेल तर तुमच्या घरचा नाताळ २७ ला परत करा. ताज्या करंज्या थोड्या मागं ठेवा, रस्सा परत करा, आणि जेवायच्या आधी लूकचा दुसरा अध्याय तिच्यासाठी पहिल्यापासनं वाचा, वाचायला तिलाच द्या, आणि भांडी मात्र तिला घासू देऊ नका.